वाचक विचारतात: फॉर्मा, डमी आणि फोटोओळ

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते. आमचा वार्षिकांक दरवर्षी निघतो. यंदा दहावीच्या मुलांसाठी ‘इयरबुक’ काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. प्रेसमध्ये गेले तर विचारलं, “टीचर, फॉर्मे किती? ब्लीड ठेवलंय? डमी आणलीत?” मी नुसती मान डोलावून परत आले. हे शब्द कुठून शिकायचे, आणि किती शिकायचे?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, शब्दांची यादी करून पाठ करायला बसू नका. मी आयुष्यभर म्हापशाच्या एका छापखान्यात पानं लावली. तिथे एकही शब्द मला कोणी व्याख्या सांगून शिकवला नाही. काम ज्या क्रमाने हातात येतं त्या क्रमाने शब्द घ्या. दहा-बाराच लागतात, आणि प्रेसमध्ये पाऊल टाकण्याआधी त्यातले निम्मे तुमच्या टेबलावर शिकून होतात.

आधी एक फरक मनाशी पक्का करा. वार्षिकांकात लेख-कविता आधी येतात आणि उरलेल्या जागेत फोटो बसतात. इयरबुकाचं उलट आहे. अमेरिकेतल्या शाळांत ही पद्धत जुनी आहे. प्रत्येक मुलाचा फोटो नावासह, मग वर्ग, खेळ, मंडळं, वर्षभरातले प्रसंग, आणि मित्रांच्या सह्यांसाठी कोरी पानं. तिथल्या शिक्षकांच्या तोंडी एक शब्द सतत असतो, कव्हरेज. कोणता मुलगा पुस्तकात किती वेळा दिसतो, त्याचा हिशोब. माझ्या मते तुमचा पहिला शब्द हाच. एक वही करा. डाव्या बाजूला हजेरीपटावरची सगळी नावं, उजवीकडे ते मूल ज्या ज्या पानावर येतं त्या पानांचे आकडे. गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या, पदकं मिळवणाऱ्या मुलांसमोर आकड्यांची रांग लागेल आणि मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीसमोर एकच आकडा असेल. पुस्तक छापायला जाण्याआधी त्या मुलीसाठी आणखी दोन जागा शोधा. ती वर्षभर शाळेत होतीच, बसमध्ये, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत. फक्त कोणी कॅमेरा तिच्याकडे वळवला नाही.

आता प्रेसवाल्यांचे शब्द. एक कोरा कागद घ्या आणि लागोपाठ तीनदा मधोमध दुमडा. आठ पाती, म्हणजे सोळा पृष्ठं झाली. घडी न उलगडता कोपरे थोडे उचलून पेन्सिलीने १ ते १६ आकडे घाला आणि मग कागद पूर्ण उघडा. १ च्या शेजारी १६ आलेला दिसेल. ४ च्या शेजारी १३. काही आकडे उलटे पडलेले. पुस्तकाची पाठ होणाऱ्या, म्हणजे बांधणीच्या घडीच्या दोन्ही बाजूंना शेजारी असलेल्या आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी १७. हा झाला सोळा पानी फॉर्मा. मशीन मोठ्या कागदावर याच क्रमाने छापतं, नंतर घडी पडते आणि पानं सरळ लागतात. “फॉर्मे किती?” याचा अर्थ एवढाच, की तुमची पानं सोळाने किंवा आठाने भागली जातात का. सोळाचा फॉर्मा असेल आणि सत्तर पानांचा मजकूर घेऊन गेलात तर एक तर सहा पानं कापावी लागतील, नाहीतर आणखी दहा भरावी लागतील. मध्ये पिना मारून बांधायचं असेल, ज्याला ते सेंटर पिन म्हणतात, तर निदान चारच्या पटीत पानं हवीतच. आणि दर विचारताना ‘पान’ म्हणू नका, ‘पृष्ठ’ म्हणा. एका पात्याला दोन बाजू असतात. ‘बत्तीस पानं’ म्हणजे ६४ बाजू की ३२, यावरून बिलाच्या वेळी वाद झालेले मी पाहिले आहेत. मुखपृष्ठाची चार पृष्ठं वेगळी मोजतात, कारण त्यांचा कागद वेगळा असतो.

असेच कागद एकात एक घालून पूर्ण पुस्तकाएवढी कोरी वही तयार करा आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने लिहा : इथे दहावी ‘अ’, इथे क्रीडा, इथे सह्या. ही डमी. प्रेसमध्ये जाताना दुसरं काही नसलं तरी चालेल, ती हवी. डमी समोर ठेवलीत की निम्मे प्रश्न कोणी विचारतच नाही.

डमी उघडली की डावं-उजवं पान एकत्र दिसतं, ते जोडपान. इयरबुकाचा विचार पानात नाही, जोडपानात करायचा. दोन्ही पानांवर एक विषय, एक मोठा फोटो आणि त्याच्याभोवती लहान. सगळे फोटो एकाच आकाराचे लावले की डोळा कुठेच ठरत नाही. मधली घडी मात्र सांभाळा. सबंध वर्गाचा ग्रुप फोटो दोन पानांवर पसरवला तर घडीवर उभी असलेली दोन-तीन मुलं बांधणीत जातात. पिनांच्या पुस्तकात फक्त अगदी मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू एकाच सलग कागदावर असतात. पसरायचाच असेल तर तिथे, आणि तिथेही घडीवर चेहरा येणार नाही हे बघून.

ब्लीड म्हणजे कापण्यासाठी सोडलेला जास्तीचा भाग. छापल्यानंतर पुस्तक तीन बाजूंनी कापतात आणि पातं केसभर इकडेतिकडे होतंच. रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कडेबाहेर ३ मिलिमीटर जास्त ठेवायचा. ए४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं, तर ब्लीडसह फाइल २१६ बाय ३०३ ची. उलट, नावं आणि चेहरे कडेपासून सेंटिमीटरभर आत.

कागदाला जीएसएम विचारतील. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, इतकंच. आत १३० चा आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेला कागद, मुखपृष्ठाला ३०० चा आर्ट कार्ड आणि त्यावर मॅट लॅमिनेशन, एवढं शाळेला पुरतं. आर्ट पेपरवर फोटो खुलतात, पण हा कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. आपल्याकडच्या पावसात गठ्ठे शाळेच्या जमिनीवर ठेवू नका. सह्यांची पानं साध्या कागदावर घ्या. आर्ट पेपरवर शाईच्या पेनाची सही पुसटते.

दहावीची साठ-सत्तर मुलं असतील तर डिजिटल छपाई सांगा. ऑफसेटला रंगागणिक प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च प्रती जास्त असतील तरच परवडतो.

फोटोंबद्दल एकच सांगतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. तीन इंच रुंद फोटोला निदान ९०० ठिपक्यांची रुंदी. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात तेव्हा तो वाटेत आवळला जातो आणि छापल्यावर चेहरा धुरकट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

अक्षरांचं मात्र नीट ऐका, कारण तुमच्या पुस्तकात मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी सगळंच असणार. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. डिझायनरला कामाच्या पहिल्याच दिवशी एक ओळ लावायला सांगा : “दुसऱ्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी वर्षभर श्रमदान केले.” ‘ऱ्या’, ‘र्थ्यां’ आणि ‘श्र’ जागच्या जागी बसले तर पुढे जा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अक्षरं तुटत असतील तर ‘वर्ल्ड रेडी कंपोझर’ निवडायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुधारतं.

आणि नावं. गोव्यात नाव ऐकून लिहिता येत नाही. रोमन लिपीत कोणा देसायांच्या घरी दोन एस असतात, कोणाकडे एक. कोणी नाईक शेवटी के लावतात, कोणी पोर्तुगीज काळापासून क्यूयूई लिहीत आलेत. आजोबांच्या दाखल्यापासून चालत आलेलं ते स्पेलिंग आहे, त्याला आपल्या सोयीने वळण लावायचा अधिकार आपल्याला नाही. शाळेच्या रजिस्टरवरून नावं उतरवा, वर्गात यादी फिरवा आणि प्रत्येक मुलाला आपल्या नावापुढे सही करायला लावा. यादी देवनागरीच्या क्रमाने लावायची की रोमन, पहिल्या नावाने की आडनावाने, हेही आधीच ठरवा. अर्ध्यावर बदललं की फोटो आणि नावांची गाठ सुटते.

शेवटचा शब्द प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली प्रत. पडद्यावर तपासू नका, कागदावर काढून घ्या. एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवत जायचं. मजकूर एकदा, आणि नुसती नावं पुन्हा एकदा, फोटोशी ताडून. मग सही-तारीख घालून प्रूफ परत करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्यानंतर प्रेसवाले म्हणतील “मशीनला गेलं”. तिथून पुढे बदल मागू नका.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे आणि आमच्या इयरबुकच्या संपादक मंडळात आहे. फोटोंखालच्या ओळी माझ्याकडे आहेत. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या, स्पर्धेच्या फोटोखाली मी ‘स्पर्धेतील एक क्षण’ असं लिहिलं, टीचरनी ते खोडलं. मग काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : टीचरनी बरोबर केलं, बाळ. फोटोओळ फोटोत दिसतं तेच सांगायला नसते. दिसत नाही ते तिने सांगायचं. नारळ, सुपारीचा घोस, तोरिंगं टांगलेली सगळ्यांना दिसतात. कोणी कुठून आणलं, ते दिसत नाही. तेव्हा आधी त्या मुलांकडे जा आणि विचार. रानफळं कोणाच्या डोंगरातून आली? चौकट कोणी बांधली? गाठ मारायला कोणी शिकवलं? एक जण सांगेल आजीने, दुसरा सांगेल शेजारच्या काकांनी. ते लिही.

पहिल्या वाक्यात कोण, काय करतंय, कुठे आणि कधी. नावं डावीकडून उजवीकडे, आणि ‘डावीकडून’ हा शब्द घालायला विसरू नको. दुसऱ्या वाक्यात तुला विचारून कळलेली गोष्ट. दोन वाक्यं पुरे. ‘व इतर’ हे शब्द मात्र कधीही लिहू नकोस. त्या ‘इतर’मध्ये तुझ्याच वर्गातलं कोणीतरी असतं. नाव माहीत नसेल तर मधल्या सुट्टीत जाऊन विचारून ये. आणि जाड ठशातली मोठी ओळ म्हणजे मथळा, तो वेगळा. तो जोडपानाला एकच असतो, फोटोओळ प्रत्येक फोटोला.

प्रश्न : मी पालक-शिक्षक संघात आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मुद्रक, कागद, फॉन्ट वगैरे छापायचं असं शिक्षक म्हणतात. त्या जागेत आणखी एक जाहिरात बसली असती. याची खरंच गरज आहे का?
– एक पालक, पेडणे

उत्तर : आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. तिथे छापलेल्यांपैकी आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं पुस्तक १५६१ सालचं आहे, आणि ते वर्ष आपल्याला कळतं कारण ते पुस्तकातच छापलेलं आहे. शाळांच्या कपाटांतल्या कितीतरी स्मरणिकांवर साल नाही. फोटोतल्या गणवेशावरून वर्षाचा अंदाज बांधावा लागतो.

तुम्ही म्हणता त्या शेवटच्या पानाला श्रेयपान म्हणतात. त्यावर शैक्षणिक वर्ष, शाळेचं पूर्ण नाव आणि गाव, मुद्रक, प्रतींची संख्या, कागद आणि फॉन्ट एवढं हवं. त्याशिवाय ज्या मुलांनी फोटो काढले, नावं ताडून पाहिली, प्रूफं वाचली त्या सगळ्यांची नावं, रजिस्टरमधल्या स्पेलिंगसह. जाहिरातीला मुखपृष्ठाची आतली बाजू द्या. तिथे दरही चांगला मिळतो.