बारचं लायसन कोण देतं?

प्रश्न: राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला बार होणार म्हणतात, परवानगी महापालिका देते का पोलीस?

उत्तर: ताई, दोघंही नाहीत, लायसन कलेक्टर ऑफिसातनं निघतं आणि काम बघतं राज्य उत्पादन शुल्क खातं. इंग्रजांचा १८७८ चा अबकारी कायदा महसुलासाठीच होता, मग १९४९ ला दारूबंदी कायदा आला, त्याच वर्षी आपलं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि आजचे बारही त्याच कायद्याखाली चालतात, प्यायलासुद्धा परवाना लागतो बघा. पण प्रत्येक बाईला हे माहीत पाहिजेच, वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की चालू दुकानावर मतदान मागता येतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आडवीला नियमात ठरलेलं बहुमत मिळालं की दुकान बंद. सह्या मात्र मतदार यादीतल्या नावाप्रमाणेच घ्या, एकेक सही पडताळतात.