फिनलंडची हिवाळी सहल : उजेड पाहून आखणी

(ऐन हिवाळ्यात फिनलंडला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.)

प्रश्न : साठी ओलांडलेले आम्ही दोघे, आमची मुलगी आणि दहा वर्षांची नात असे चौघे २० ते २८ डिसेंबर या काळात फिनलंडला जाण्याच्या विचारात आहोत. हेलसिंकी, तुर्कू, ताम्पेरे, रोवानिएमी, लेवी आणि इनारी अशी सहा ठिकाणे आठ दिवसांत बसवली आहेत. त्या दिवसांत तिथे सूर्यच उगवत नाही, असे सगळे सांगतात. बेत बदलावा का?

उत्तर : बेत रद्द करू नये, मात्र सहापैकी तीन ठिकाणे निश्चितपणे गाळावीत, आणि जमल्यास चौथेही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी सूर्याविषयी. सगळ्या फिनलंडमध्ये सूर्य उगवत नाही, ही समजूत चुकीची आहे. २१ डिसेंबरच्या आसपास हेलसिंकीत सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी सव्वातीनला मावळतो, म्हणजे सहा तासांना थोडा कमी असा दिवस मिळतो. आर्क्टिक वृत्तालगतच्या रोवानिएमीत तो जेमतेम सव्वादोन तास क्षितिजाला टेकून सरकतो. त्याहून उत्तरेच्या इनारीत मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्यबिंब दिसतच नाही. या काळाला फिनिश भाषेत ‘कामोस’ म्हणतात. पण कामोस म्हणजे चोवीस तास मिट्ट काळोख नव्हे. सूर्य दुपारी क्षितिजाच्या अगदी थोडा खाली असतो, त्यामुळे पावणेदहापासून अडीचपर्यंत झुंजूमुंजू झाल्यासारखा प्रकाश राहतो. आपल्याकडे पहाटे काही मिनिटांत सरून जाणारी ती वेळ तिथे पावणेपाच तास चालते. दक्षिणेचे आकाश फिकट गुलाबी होते, उत्तरेचे निळे राहते आणि बर्फ तो निळा रंग उचलून धरतो. इनारी तलावाच्या काठी या प्रकाशात मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा पायाखालच्या बर्फाला सावलीच पडत नसल्याने खळगा कुठे आणि उंचवटा कुठे हे मला कळेना आणि सपाट वाटलेल्या जागी मी गुडघ्यापर्यंत रुतले. चालताना काठी हवी, हे मी तिथे शिकले. आपणही दोघांसाठी घ्यावी.

तेव्हा दिवसाची आखणी घड्याळाने न करता उजेडाने करावी. बाहेर करायचे ते सारे उजेडाच्या वेळेत, आणि प्रवास, संग्रहालये, जेवण, सौना (फिनिश पद्धतीचे उष्ण वाफेचे स्नान) हे अंधारात. आपल्या आराखड्यात जवळजवळ दर दिवशी मुक्काम हलतो आहे. म्हणजे जे मोजके तास उजेडाचे, ते सामान बांधण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात जातील. उन्हाळ्यात हा बेत कदाचित पेलला असता, कारण तेव्हा रात्री दहालाही उजेड असतो. ऐन हिवाळ्यात तो पेलणार नाही, विशेषतः लहान मूल आणि ज्येष्ठ माणसे बरोबर असताना.

दुसरी गोष्ट नाताळची, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फिनलंडमध्ये मुख्य सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, घरात, कुटुंबासोबत साजरा होतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात ‘नाताळची शांतता’ जाहीर केली जाते, आणि त्यानंतर देश खरोखरच शांत होतो. दुपारनंतर दुकाने मिटतात, बस आणि रेल्वे विरळ होतात. २५ तारखेला संग्रहालये आणि बरीच उपाहारगृहे बंद असतात. प्रवासाचा टप्पा या दोन दिवसांत अजिबात ठेवू नये. जिथे राहाल तिथे जेवणाची सोय आहे का, हे आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्यावे.

मी असे सुचवीन : पहिल्या दोन रात्री हेलसिंकीत. तिथून रात्रीच्या रेल्वेने रोवानिएमी. सुमारे बारा तासांचा हा प्रवास झोपेत होतो, डब्यात दोघांसाठी एक अशा झोपण्याच्या छोट्या खोल्या असतात, आणि उजेडाचा एकही तास खर्ची पडत नाही. नाताळच्या सुट्टीसाठी ही तिकिटे फार लवकर संपतात, म्हणून विक्री सुरू होताच काढावीत. रोवानिएमीहून बसने सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवरील इनारीला २३ तारखेपर्यंत पोहोचावे आणि तिथेच चार रात्री मुक्काम करावा. तुर्कू, ताम्पेरे आणि लेवी पुढच्या खेपेसाठी राहू द्यावीत. रोवानिएमीतील नाताळबाबांचे गाव नातीसाठी ठेवायचे असेल, तर हेलसिंकीतील एक रात्र कमी करून २२ तारखेची रात्र तिथे काढावी. हे शहर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळले होते आणि वास्तुविशारद आल्वार आल्तो यांनी रेनडियरच्या डोक्याच्या आकारात त्याचा नवा आराखडा केला, हे नातीला नकाशावर दाखवावे; शिंगांच्या जागी रस्ते पाहून मुले हरखतात.

तारखा बदलता येत असतील, तर फेब्रुवारीचा विचार जरूर करावा. फेब्रुवारीच्या मध्याला इनारीत साडेसात तासांचा दिवस असतो, बर्फ भरपूर असतो आणि सणाची गर्दीही ओसरलेली असते. कामोसचा निळा प्रकाश मात्र तेव्हा मिळणार नाही.

प्रश्न : ध्रुवीय प्रकाश नक्की दिसावा म्हणून किती रात्री राहावे? काचेच्या छताची खोली घ्यावी का?

उत्तर : ‘नक्की’ हा शब्द कोणी वापरत असेल, तर त्याच्याकडे आरक्षण करू नये. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात उतरतात आणि वातावरणातील अणूंना डिवचतात, तेव्हा हा प्रकाश दिसतो. सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा तांबडा. इनारी त्या पट्ट्याखालीच येत असल्याने सूर्य फार खवळलेला नसतानाही तिथे प्रकाश दिसू शकतो. अडचण असते ती ढगांची. डिसेंबरात लॅपलंडचे, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागाचे, आकाश पुष्कळदा झाकलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते अधिक वेळा निवळते. म्हणून सूर्य किती खवळलेला असेल याच्या अंदाजापेक्षा ढगांचा अंदाज आधी पाहावा. फिनलंडची हवामान संस्था दोन्ही अंदाज देते.

एकाच ठिकाणी चार रात्री ठेवाव्यात, असे मी म्हणते ते याचसाठी. गावातील दिव्यांपासून पाचशे पावले दूर जावे, डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत आणि त्या वेळात भ्रमणध्वनीचा पडदा पाहू नये. मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी, धुरकट ढगासारखा दिसतो आणि कॅमेऱ्यात मात्र हिरवा येतो. छायाचित्रे पाहून आलेल्यांचा इथे विरस होतो, पण तो ढग अचानक हलू लागला, पडद्याच्या चुण्यांसारखा उलगडला, की विरसाला जागा उरत नाही. काचेच्या छताची खोली ही हौस आहे, गरज नाही. तो पैसा आणखी एका रात्रीच्या मुक्कामावर खर्च केला, तर शक्यता वाढते.

प्रश्न : उणे तीस अंशांसाठी कोणते कपडे घ्यावेत? एक जाड कोट पुरेल का?

उत्तर : एका जाड कोटाने काम होत नाही, कारण ऊब कापडात नसून थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. अंगालगत मेंढीच्या मऊ लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट आणि विजार. अंगालगत सुती कपडा मुळीच घालू नये. सूत घाम धरून ठेवते, आणि चालणे थांबले की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो.

पायांच्या बाबतीत चूक सर्वाधिक होते. थंडी म्हणून लोक दोन-दोन मोजे घालून बुटात पाय कोंबतात. बोटे आवळली जातात, रक्त नीट पोहोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. बूट एक माप मोठा असावा आणि आत बोटे मोकळी हलली पाहिजेत. हातांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र ठेवणारे मिटन चांगले, आणि त्यांच्या आत पातळ हातमोजे, म्हणजे चेन ओढताना किंवा छायाचित्र काढताना हात उघडे पडत नाहीत. इनारीच्या बसथांब्यावर उणे अठ्ठावीस अंशांत तिकीट दाखवण्यासाठी मी उजवा हात उघडा केला होता. बस यायला दोन मिनिटेच लागली, पण तेवढ्यात बोटांची टोके पांढरी पडली आणि पुढचा पाऊण तास ती काखेत धरून बसावे लागले.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. तापमान उणे वीस असताना ताशी छत्तीस किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे तेहतिसासारखे भासते. हवा स्थिर असली तरी बर्फावरील मोटारस्लेजवर त्याच वेगाने जाताना परिणाम तोच होतो. अशा सफरींसाठी आयोजक बहुधा अंगभर जाड पोशाख आणि बूट देतात, तेव्हा एका आठवड्यासाठी महागडा ध्रुवीय पोशाख विकत घेण्याची आवश्यकता नाही. आयोजकाला विचारून घ्यावे.

गाल, नाक आणि कानाच्या पाळ्या यांवर पांढरा, मेणचट डाग दिसला की ती हिमदंशाची सुरुवात असते, आणि ज्याला होतो त्याला तो जाणवत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे पाहावेत. डागावर बर्फ चोळू नये, तो भाग मुळीच चोळू नये. उबदार तळहाताने झाकावा आणि आत जावे.

बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे दक्षिणेकडे अधिक लागतात. हेलसिंकीत तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते, बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि पदपथाची काच होते. आणखी एक लहानशी वस्तू म्हणजे कोटाला लटकवायची प्रकाश परावर्तित करणारी पट्टी. अंधारात रस्त्यावरून चालताना ती वापरावी, असे फिनलंडचा कायदाच सांगतो. कॅमेरा बाहेरून आत आणण्यापूर्वी हवाबंद पिशवीत घालावा, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरते.

प्रश्न : लॅपलंडमध्ये मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का?

उत्तर : बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसेल, तर घेऊ नये. भाड्याच्या गाड्यांना हिवाळी टायर असतात आणि हिवाळ्यात अनेक महामार्गांवरील वेगमर्यादा कमी केलेली असते, हे खरे. तरीही अंधारात रेनडियर रस्त्यावर उभे असतात, आणि एक दिसला म्हणजे मागे आणखी असतात, असे समजून वेग उतरवावा लागतो. धडक झालीच, तर जनावर पळून गेले असले तरी ११२ क्रमांकावर कळवणे भाग आहे, कारण प्रत्येक रेनडियर कोणाच्या तरी मालकीचा असतो.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते. वडिलांना दमा आहे. त्यांना न्यावे का?

उत्तर : दोघांच्या डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. त्यांनी होकार दिला, तर इन्सुलिन विमानात हातातील सामानातच ठेवावे आणि बाहेर फिरताना कपड्यांच्या आतल्या खिशात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते किंवा चालत नाही, म्हणून तपासणी आत येऊन करावी. वडिलांनी नाकातोंडावरून मफलर घ्यावा, बर्फात भरभर चालू नये आणि इन्हेलर अंगाजवळ ठेवावा. सौनातून थेट गोठलेल्या तलावातील खड्ड्यात उतरण्याची तिथली रीत या दोघांनी पाहावी, करू नये.

प्रश्न : व्हिसासाठी अर्ज केव्हा करावा?

उत्तर : फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा (बहुतेक युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा) लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. तेव्हा डिसेंबरसाठी सप्टेंबरातच अर्ज द्यावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे.

प्रश्न : आम्हाला सामी लोकांचे, म्हणजे लॅपलंडच्या मूळ रहिवाशांचे, जीवन जवळून पाहायचे आहे. हस्की कुत्र्यांची स्लेज घेतली, तर ते साधेल का?

उत्तर : हस्कींची सफर आनंदाची असते, पण ती सामी परंपरा नव्हे, लॅपलंडमध्ये ती पर्यटनाबरोबर आली. सामी जीवनाशी जोडलेला आहे तो रेनडियर. त्यासाठी सामी कुटुंबाकडून चालवला जाणारा उपक्रम शोधावा आणि तो खरोखर त्यांचाच आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. सामी पोशाखाच्या नकला घालून छायाचित्रे काढण्याचे टाळावे, कारण त्या वेशावरून माणसाचे कुटुंब आणि प्रदेश ओळखला जातो. तसेच ‘तुमच्याकडे रेनडियर किती?’ असे विचारू नये. बँकेत किती पैसे आहेत, असे विचारण्यासारखे ते आहे.

इनारीत सामी संसदेचे आसन आहे आणि ‘सीदा’ हे सामी संग्रहालय आहे, ज्याला २०२४ चा युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. फिनलंडमध्ये तीन सामी भाषा बोलल्या जातात आणि त्यांपैकी इनारी सामी ही याच तलावाभोवतीच्या लोकांची आहे, हे ध्यानात ठेवून तिथे गेल्यास दालनांतील वस्तू अधिक बोलक्या होतात. संग्रहालय कोणत्या दिवशी उघडे असते आणि किती वाजता बंद होते, ते आधी पाहून ठेवावे, आणि शक्यतो दुपारी अडीचनंतर आत शिरावे. तोवरचा उजेड तलावाच्या काठीच घालवावा.