नवीन डिझेल मीटर उलटं कामून दाखवतंय? टाकी फुल केली की काटा रिकाम्यावर

भाऊ, मीटर दुकानदाराच्या तोंडावर फेकायच्या आधी जरा थांबा. तुम्ही लिहिलंय की जुन्या जीपचं डिझेल मीटर मेलं म्हणून बाजारातलं नवीन आणून बसवलं, आता टाकी फुल केली की काटा ई वर जाऊन बसतो अन् डिझेल संपत आलं की अर्ध्याच्या वर चढतो, आणि मेकॅनिक म्हणायलाय माल डुप्लिकेट निघाला. माझ्या मते माल ठीक असंल, जोडी चुकली.

मीटरला डिझेल बिझेल काही कळत नाही, त्याला फक्त ओहम कळतात, म्हणजे रेझिस्टन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) माप. टाकीतल्या फ्लोटच्या (डिझेलवर तरंगणाऱ्या गोळ्याच्या) दांडीला एक पत्ती असते, ती बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते आणि डिझेल खालीवर झालं की रेझिस्टन्स कमीजास्त होतो. आता रिकाम्याला किती अन् फुलला किती हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. अमेरिकन पद्धतीत रिकामी २४० आणि फुल ३३. युरोपियन मीटरमध्ये बरोबर उलटं, रिकामी १० आणि फुल १८०. जुन्या जनरल मोटर्सचं रिकामी ० फुल ९०, जुन्या फोर्डचं रिकामी ७३ फुल १०, जपानी गाड्यांत बऱ्याचदा रिकामी ११० च्या आसपास अन् फुलला तीनचार. तुमचं लक्षण बघता फ्लोट या शेवटच्या जातीचा वाटतो आणि मीटर १०-१८० चं. टाकी फुल, फ्लोट म्हणतो ५ ओहम, मीटर समजतं रिकामी. टाकी कोरडी, फ्लोट म्हणतो ११०, मीटर समजतं अर्ध्याहून जास्त. बसतंय का बघा.

माझं तर याहून वाईट झालं होतं. मी २४०-३३ वालं मीटर लावलेलं आणि फ्लोट तसलाच ११० चा. फुलला बरोबर फुल दाखवायचा म्हणून मी खुश, पण त्या मीटरवर १०० च्या आसपास म्हणजे अर्धी टाकी, म्हणजे काटा अर्ध्याच्या खाली कधी जाणारच नव्हता. जिंतूरहून परभणीला येताना बोरीच्या अलीकडं रात्री साडेदहाला गाडी बंद पडली, काटा अर्ध्यावर, टाकी ठणठणीत कोरडी. कॅन घेऊन गेलो, डिझेल आणलं, वरून डिझेल लाईनमधली एअर काढत बसलो मोबाईलच्या उजेडात. बायको गाडीत बसून एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तर अंदाज नको, मोजा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकीवरच्या फ्लोटची वायर काढा (वायर लागलेली असली तर मीटरचाही रेझिस्टन्स मध्ये येतो अन् आकडा खोटा येतो), मल्टीमीटर २००० ओहमवर ठेवा, एक पिन फ्लोटच्या टर्मिनलला अन् एक बॉडीला. टाकी फुल असताना एक आकडा, रिकामी होत आली की दुसरा. तेवढी वाट बघायची नसंल तर फ्लोट बाहेर काढून दांडी हातानं हळूहळू वर न्या. पेट्रोल गाडी असंल तर हे मोकळ्या जागेत, अन् बिडी लांब.

दांडी हलवताना आकडा सलग बदलला पाहिजे. मधीच उडून मल्टीमीटर ओपन (जोड तुटलेला) दाखवत असंल तर तार तिथं झिजलीय. आपल्याकडं टाकी फुल कोण करतंय, पाचशेचं टाक, हजाराचं टाक, त्यामुळं पत्ती वर्षानुवर्षं खालच्या त्याच दोन बोटांत घासत राहते आणि नेमकं तिथंच काटा उड्या मारतो. माझ्या फ्लोटमधली तार त्या जागी चकचकीत झालती, बाकीची काळी.

मीटर कोणत्या जातीचं हे कळायला इग्निशन चालू करून मीटरमागची फ्लोटची वायर काढा. काटा फुलच्या पार गेला तर १०-१८० सारखं, खाली पडला तर २४०-३३ सारखं. मग तेच टर्मिनल क्षणभर अर्थला (गाडीच्या बॉडीला) लावलं की काटा उलट्या टोकाला जाईल. टाकीपाशी ठिणगी नको म्हणून हे मीटरच्या बाजूनंच करा. आणि फ्लोटला डायरेक्ट १२ व्होल्ट चुकूनही देऊ नका, तार जळते.

कोणी म्हणंल रेझिस्टर टाकून जमवून देतो. सिरीजमध्ये (वायरच्या मधी) टाकला तर आकडे वर सरकतात, पॅरललमध्ये (वायर अन् बॉडीच्या मधी) टाकला तर दबतात, पण उलटी दिशा सुलटी होत नाही आणि १०५ ओहमचा फरक १७० चा होत नाही. त्यामुळं तुमच्यासारख्या केसमध्ये तो जुगाड वायाच. दोनच रस्ते, फ्लोटच्या आकड्याचं मीटर घ्या किंवा मीटरच्या आकड्याचा फ्लोट. मी फ्लोट बदलला, दांडी लांबीला कमीजास्त करता येणारा मिळतो, फक्त टाकीची खोली आधी काठीनं मोजून न्या अन् बोल्टची भोकं बघा, पाच भोकांचे असतात त्यांचं अंतर सारखं नसतं, एकाच बाजूनं बसतात.

बसवताना अर्थिंगची वेगळी वायर फ्लोटच्या प्लेटपासून चेसीपर्यंत ओढा. रबरी पॅकिंग, रंग, गंज, यातून अर्थ नीट मिळत नाही आणि वीसेक ओहम फुकट वाढतात, मग नवीन जोडीही खोटं बोलायला लागते.

दोन्ही आकडे मोजले की इथंच खाली टाका, मीटरच्या पाठीवर काय छापलंय तेही टाका, मी बघून सांगतो. तोवर काच खरचटू देऊ नका, दुकानदार बदलून देऊ शकतो.