“कानात पाणी गेलं का माझ्या हातून?”

तिनं पिशवीतून चार केसपेपर काढले आणि माझ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. मुलगा 14 महिन्यांचा. चारही वेळा मधल्या कानाचा संसर्ग, शेवटच्या वेळी तर सकाळी उशीवर पू. औषध बालरोगतज्ज्ञांनी दिलंच होतं. माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं ते तिचं रडू थांबत नव्हतं म्हणून.

“अंघोळ घालताना माझ्याच हातून कानात पाणी जातं. सासूबाई म्हणतात, मी दही खाते, म्हणून अंगावरचं दूध बाधतं. मॅडम, खरं सांगा, माझंच चुकतंय ना?”

दोन महिने तिनं लेकराच्या डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं.

मी कागदावर बाळाचा चेहरा काढला. कानाचा पडदा शाबूत असेल तर अंघोळीचं पाणी मधल्या कानात पोचतच नाही. जंतू येतात ते नाकाच्या वाटेनं. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. मोठ्यांची ती उतरती असते; तान्ह्यांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजते, आतलं पाणी निचरत नाही आणि त्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. दह्याचा यात काही संबंध नाही.

तिचा श्वास जरा मोकळा झाला. पण “तुमचा दोष नाही” एवढंच सांगून मी कुणालाही परत पाठवत नाही. मग मी तिला सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस सांगायला सांगितलं. नोकरी सुरू झाल्यापासून रात्रीची बाटली पाळण्यात, आडवं ठेवूनच. अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी. आजोबांची विडी, त्याच खोलीत. आणि दिवसभर पाळणाघर, जिथं एकाची सर्दी सगळ्यांना होते. पाळणाघर सोडा, असं मी म्हटलं नाही. तिचा पगार घराला लागतो. बाकीच्या तीन गोष्टी मात्र बदलता येण्यासारख्या होत्या. लसीकरणाचं कार्डही पाहिलं. कानाचा संसर्ग करणाऱ्या एका जंतूविरुद्धच्या न्यूमोकोकल लसीचा नवव्या महिन्याचा डोस माहेरी असताना राहून गेला होता. सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. तो घ्यायचं ठरलं.

औषधांचीही गोष्ट निघालीच. नोव्हेंबरमध्ये चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून तिनं अँटिबायोटिक बंद केलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर बहुधा पूर्ण 10 दिवस देतात, कारण मध्येच थांबवलं तर त्रास उलटण्याची शक्यता जास्त असते. उलट दोन वर्षांपुढच्या मुलाचा एकच कान थोडा दुखत असेल, तर डॉक्टर कधी कधी अँटिबायोटिक न देता दोन-तीन दिवस लक्ष ठेवायला सांगतात. ठणका मात्र कुठल्याच मुलाला सोसायला लावू नये. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल त्यासाठीच असतं. उरलेली जुनी बाटली मनानं पुन्हा उघडायची नाही, हे मी दोनदा सांगितलं.

पुढच्या वेळी सासूबाई आल्या. लसूण कडवलेलं तेल त्या कानात घालत होत्या. “माझ्या तिन्ही पोरांना घातलं, बाई.” मी वाद घातला नाही. रात्र रात्र बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्याही त्याच होत्या. एवढंच म्हटलं, “आजी, पडदा फाटलाय. तो बहुतेक भरून येईल, पण तोवर डॉक्टरांनी दिल्याशिवाय कानात थेंबही नको. रात्रीचं दूध तुम्ही पाजाल? मांडीवर, डोकं उंच धरून?” त्यांनी मान डोलावली. धुरीही बंद झाली. विडी अंगणात जायला महिना लागला.

कागदाच्या मागे मी लिहून दिलं: कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठ झाली, तोंड वाकडं झालं किंवा बाळ मलूल पडलं, तर तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना.

मग सहज विचारलं, “मागून हाक मारली तर वळून बघतो?”

ती गप्प झाली. “आधी ‘आबा’ म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.”

ताप गेला, पू थांबला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण पडद्यामागचं पाणी आणखी काही आठवडे राहू शकतं आणि तोवर बाळाला कापसाचा बोळा घातल्यासारखं ऐकू येतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर ऐकण्याची तपासणी हवीच. बोलणं शिकण्याच्या वयातला हा काळ वाया जायला नको. हे मला फार मनापासून वाटतं, कारण “ऐकत नाही, हट्टी आहे” असा शिक्का बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

फेब्रुवारीत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दोन्ही कानांत पाणी दिसलं. समोर बसून, चेहरा दाखवत, थोडं मोठ्यानं बोला, असं त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये उजवा कान साफ झाला होता, डावा नाही. त्या दिवशी डॉक्टरांपुढे मी काहीच बोलले नाही. तिनंच विचारलं, “मेमध्येही पाणी राहिलं तर ते निचरायला पडद्यात बारीक नळी बसवावी लागेल का? आणि ऐकण्याची तपासणी त्याच दिवशी करून घेता येईल?” उत्तर ऐकून तिनं पाचव्या केसपेपरवर पुढची तारीख लिहिली आणि तो पहिल्या चारांसोबत पिशवीत ठेवला.