प्रयोगशाळेतून शरीरापर्यंत : पॉलिमरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर घातलेले टाके काढावे लागले नाहीत, ते आपोआप विरघळले. हा धागा एक प्रकारचे प्लॅस्टिकच असतो, असे वाचले. मग ते प्लॅस्टिक शरीरात गेले कुठे?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. 1970 मध्ये वापरात आलेला पहिला कृत्रिम विरघळणारा धागा पॉलिग्लायकोलिक आम्ल या पॉलिमरचा होता. लहान रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडून बनलेला मोठा रेणू म्हणजे पॉलिमर. त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये ठरावीक अंतरावर एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात आणि शरीरातील पाणीच हे बंध हळूहळू तोडते. साखळी तुटत तुटत शेवटी ग्लायकोलिक आम्लाचे छोटे रेणू उरतात, पेशी त्यांचा निकाल नेहमीच्या चयापचयातून लावतात आणि अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर पडते. लॅक्टिक आम्लाचे पॉलिमर तर त्याहून ओळखीचे म्हणावे लागेल, कारण ते आम्ल आपल्या स्नायूंमध्ये रोजच तयार होत असते. धाग्याची ताकद मात्र तो दिसेनासा होण्याच्या बरीच आधी संपते. ताकद काही आठवड्यांत जाते, वस्तुमान नाहीसे व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि जखम भरण्याचा वेग त्या पहिल्या काळाशी जुळवणे हेच या धाग्यांच्या रचनेतील खरे कौशल्य आहे.

विद्यार्थ्यांना नेहमी चकित करणारी एक गोष्ट येथे सांगतो. साबणाची वडी जशी बाहेरून झिजत जाते, तसेच या पॉलिमरचेही होत असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात लॅक्टिक-ग्लायकोलिक पॉलिमरचा जाड तुकडा पृष्ठभागापेक्षा आतून लवकर झिजतो. बंध तुटताना तयार झालेले आम्ल पृष्ठभागावरून निघून जाते, पण गाभ्यात अडकून राहते आणि तेथील बंध आणखी वेगाने तुटू लागतात. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारे रोपण, म्हणजे शरीरात बसवलेली वस्तू, आतून पोकळ झालेले असू शकते. पॉलिअनहायड्राइड नावाचे पॉलिमर मात्र खरोखर साबणासारखे बाहेरून झिजते. हा भेद का महत्त्वाचा, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : विद्यापीठांत नवे हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे मऊ पॉलिमर), नवे रोपण, औषध वाहून नेणारे नवे कण शोधल्याच्या बातम्या सतत येतात. त्यांतले रुग्णालयात फारसे काही दिसत नाही. या बातम्या अतिरंजित असतात का?

उत्तर : काही असतात, पण विलंबाचे खरे कारण तेवढेच नाही. 1976 मध्ये रॉबर्ट लँगर आणि ज्युडा फोकमन यांनी दाखवून दिले की प्रथिनांसारखे मोठे रेणूसुद्धा घन पॉलिमरमधून दीर्घकाळ, हळूहळू बाहेर सोडता येतात. तोपर्यंत बहुतेक तज्ज्ञांना हे अशक्य वाटत होते. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लँगर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मेंदूशल्यचिकित्सक हेन्री ब्रेम यांच्या सहकार्यातून पॉलिअनहायड्राइडच्या चकत्या तयार झाल्या. मेंदूतील गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत त्या ठेवल्या जातात आणि बाहेरून थराथराने झिजताना कर्करोगावरील औषध जागेवरच सोडत राहतात. हे पॉलिमर आतून झिजणारे असते, तर औषधाचा मोठा साठा एकदम सुटण्याचा धोका राहिला असता. या चकत्यांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे पहिल्या शोधनिबंधापासून वीस वर्षे लागली, आणि माझ्या मते हा विलंब नव्हे, कामाचा प्रामाणिक कालावधी आहे.

या काळात नेमके काय चालते, हे बातम्यांत कधीच येत नाही. पॉलिमरची एक तुकडी आणि दुसरी तुकडी यांतील साखळ्यांची सरासरी लांबी सारखी ठेवणे हेच मुळात अवघड असते, आणि लांबी बदलली की झिजण्याचा वेग बदलतो. प्रक्रिया न झालेला मोनोमर (साखळी ज्यापासून बनते तो लहान रेणू) किंवा उत्प्रेरकातील कथिलाचा अंश शिल्लक राहिला, तर पॉलिमर निरुपद्रवी असूनही पेशी मरतात. निर्जंतुकीकरणाचा प्रश्न तर अनेक सुंदर कल्पनांचा शेवट करतो. वाफेच्या 121 अंश सेल्सिअस तापमानाला लॅक्टिक-ग्लायकोलिक पॉलिमर मऊ पडतो आणि पाण्यामुळे तुटूही लागतो, गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या आखूड होतात, आणि इथिलीन ऑक्साइड वापरल्यास त्या विषारी वायूचा अंश पूर्ण निघून गेला आहे हे सिद्ध करावे लागते. माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षे खपून तयार केलेली जाळी निर्जंतुकीकरणाच्या किरणांनंतर बोटांत धरताच चुरा झाली होती. त्या दिवसापासून निर्जंतुकीकरणाची चाचणी मी पहिल्याच महिन्यात करायला लावतो, आणि प्रत्येक मार्गदर्शकाने हेच करावे असे मला मनापासून वाटते.

यश मिळाले त्या ठिकाणी बहुधा वैद्यक आणि अभियंता एकाच छताखाली होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यचिकित्सक एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हृदयझडप तयार झाली. आधीची प्रारूपे अपयशी ठरल्यानंतर चौथ्या प्रारूपात कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या, म्हणजे अतिशय लांब साखळ्यांच्या, पॉलिथिलीनची झुकणारी चकती ही जोडी टिकली, आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. आधीच्या अपयशांची कारणे शोधणारे आणि शस्त्रक्रिया करणारे लोक रोज एकमेकांना भेटत होते, हे मला त्यात निर्णायक वाटते.

प्रश्न : मी पीएचडी करते आहे. जखमेवर लावायचे नवे जेल आम्ही बनवले आहे. पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर मांडायचे आहे, आणि पेटंटचे नंतर पाहू असे मार्गदर्शक म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. मार्गदर्शकांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे स्पष्ट सांगायला हवे. पेटंटसाठी शोध अर्जाच्या दिवशी नवा असावा लागतो, आणि पोस्टर, परिषदेतील गोषवारा, ग्रंथालयात वाचनासाठी ठेवलेला प्रबंध या सर्वांनी ते नावीन्य संपू शकते. अमेरिकेसारख्या काही देशांत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत मिळते, युरोपात मात्र त्या सवलतीवर विसंबता येत नाही. म्हणून विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाकडे आजच लेखी माहिती द्या आणि पोस्टरपूर्वी अर्ज दाखल होईल असे पाहा. पहिल्या अर्जानंतर इतर देशांत अर्ज करण्यासाठी बारा महिने मिळतात, त्यामुळे प्रकाशन कायमचे रोखून धरावे लागत नाही.

पॉलिमरच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. केवळ एकच प्रमाण लिहून अर्ज केला, तर दुसरा कोणी घटकांचे प्रमाण थोडे बदलून बाजूने निघून जातो. घटकांच्या प्रमाणाची आणि रेणुभाराची मर्यादा, साखळ्या एकमेकींना जोडून जाळी बांधण्याची पद्धत, जेल किती पाणी धरते, या सगळ्यांचा उल्लेख हवा, आणि त्या मर्यादेतील काही नमुने प्रत्यक्ष तपासलेले हवेत.

प्रश्न : सर्व नमुने मी बनवले आणि मोजले. पेटंटवर संशोधक म्हणून माझे नाव यायलाच हवे ना?

उत्तर : यायलाच हवे असे नाही. शोधनिबंधाचे लेखकत्व कष्टांनी मिळते, पेटंटवरील नाव मात्र शोधाच्या मूळ कल्पनेत आपला वाटा असेल तरच. दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे मोजमाप करणारा संशोधक ठरत नाही, पण ‘हे असे न करता तसे करू’ ही सूचना आपली असेल आणि त्यानेच शोध घडला असेल, तर आपले नाव वगळता येत नाही. प्रयोगवहीत तारखेसह नोंद ठेवा.

प्रश्न : छोट्या महाविद्यालयात महाग उपकरणे नाहीत. अशा ठिकाणी या क्षेत्रात काही करता येईल का?

उत्तर : प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचे उदाहरण पाहा. त्यांनी आणि द्राहोस्लाव लिम यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलविषयीचा शोधनिबंध 1960 मध्ये प्रसिद्ध केला होता. पदार्थ हाती होता, पण बंद साच्यात घडवलेल्या भिंगांच्या कडा फाटत. 1961 च्या अखेरीस त्यांनी घरीच मुलांच्या जोडणी-खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून एक यंत्र जुळवले. त्यात उघडा साचा गोल फिरत असताना द्रव स्वतःच वक्र आकार घेई आणि त्याच आकारात घट्ट होई. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सची वाट त्यातून मोकळी झाली. पुढे हक्क अमेरिकी कंपन्यांकडे गेले आणि 1971 मध्ये अमेरिकेत त्या लेन्सना मान्यता मिळाली.

त्यांची अडचण पदार्थाची नव्हती, घडवण्याच्या पद्धतीची होती, आणि अशा पद्धतीचेही पेटंट मिळते. पेशींवरील आणि प्राण्यांवरील चाचण्या मात्र छोट्या जागी करू नका. त्यांना आवश्यक सोयी आणि नैतिक समितीची परवानगी लागते, म्हणून त्या सोयी असलेल्या संस्थेशी लेखी सहकार्य करा. सुरुवातीला जवळच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांना आणि परिचारिकांना भेटून, रोजच्या वापरातील ड्रेसिंग, नळ्या आणि टाके त्यांना नेमके कुठे त्रास देतात, ते विचारा.