पुतणी कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात जायचं म्हणतेय. हे कम्युनिटी कॉलेज नेमकं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ-वहिनी कुपर्टिनोत असतात, पुतणीचं हायस्कूल यंदा संपतंय, तिला थेट मोठ्या विद्यापीठात न जाता आधी डी अँझाला जायचंय आणि त्यावरून घरात नाराजी आहे. कॉलेज कधीचं, तिथे काय शिकवतात आणि पुढे काय होतं, असं तुम्ही विचारलंय. मी लग्नानंतर इथे आले, तेव्हा हातात पुण्याची बी.कॉम. होती. इथली अकाउंटिंगची पद्धत मी डी अँझाच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकले, त्यामुळे मला या कॉलेजबद्दल मनापासून आदर आहे.

आधी थोडं मागचं. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या दोन वर्षांच्या कॉलेजांची, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजांची, सुरुवात इलिनॉयमधल्या जोलिएट गावात 1901 साली झाली. कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढची दोन वर्षं शिकवायची मुभा दिली. पण या कॉलेजांची आजची जागा ठरवली ती 1960 च्या राज्यव्यापी शिक्षण आराखड्याने. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), वरच्या एक तृतीयांशांसाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिकायची इच्छा असलेल्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज, अशी ती विभागणी होती. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम पुढचं: कम्युनिटी कॉलेजात नीट शिकलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षाला वरच्या दोन्हींत प्रवेशाची वाट ठेवायची. तुमच्या पुतणीच्या डोक्यात हीच वाट असणार.

या भागात तेव्हा जर्दाळू आणि प्रूनच्या बागा होत्या. त्या तुटत गेल्या, घरं आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले, मुलं वाढली. इथला कॉलेज जिल्हा 1957 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी फुटहिल कॉलेज सुरू झालं. ते अपुरं पडायला लागल्यावर 1967 मध्ये डी अँझा उघडलं, पूर्वीच्या एका द्राक्षमळ्याच्या जागेवर. त्या इस्टेटीवरचा जुना बंगला आजही कॅम्पसवर उभा आहे. कॉलेजला ज्याचं नाव दिलंय, तो स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या 1776 साली याच परिसरातून गेला होता.

अ‍ॅपल कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक कोलोरॅडोच्या विद्यापीठात एक वर्ष काढून परत आला, डी अँझाला शिकला आणि मग यूसीच्या बर्कली कॅम्पसला गेला. कॅम्पसवरच्या फ्लिंट सेंटर नावाच्या नाट्यगृहात 24 जानेवारी 1984 रोजी स्टीव्ह जॉब्सने पहिला मॅकिंटॉश संगणक लोकांपुढे आणला. ते नाट्यगृह 2019 मध्ये बंद झालं. घरच्यांची समजूत काढायला हे सांगा हवं तर, पण माझ्या मते कॉलेजचं मोठेपण यात नाही.

ते आहे वर्गात. माझ्या वर्गात हायस्कूल सुरू असतानाच इथला विषय घेणारी मुलगी होती, सैन्यातून परतलेला माणूस होता, दिवसभर काम करून येणारी दोन मुलांची आई होती आणि आधीच इंजिनिअर असलेले एक गृहस्थ होते. सगळ्यांना एकच पुस्तक, एकच परीक्षा. प्राध्यापकांवर संशोधनाचा बोजा नसतो, त्यांचं काम शिकवणं हेच. वर्गही आटोपशीर असतात. कार्यालयीन वेळेत जाऊन शंका विचारली की खुर्ची पुढे ओढून समजावतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचा तोच विषय कित्येकदा शेकडो मुलांच्या सभागृहात असतो.

अभ्यासक्रम दोन तऱ्हेचे. एक, पुढे विद्यापीठात जाण्यासाठी: गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी वगैरे. दुसरे थेट नोकरीचे: नर्सिंग, मेडिकल लॅब टेक्निशियन, ऑटोमोटिव्ह, सीएनसी मशीनिंग (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवरचं काम), अ‍ॅनिमेशन, बालशिक्षण, पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस), अकाउंटिंग. नर्सिंग करून मुली परवान्याच्या परीक्षेला बसतात आणि नर्स म्हणून कामाला लागतात. ऑटोमोटिव्हच्या कार्यशाळेत खऱ्या गाड्या उघडलेल्या असतात. आपल्या लोकांच्या गप्पांत हे अभ्यासक्रम कधी येतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता पैसा. 1984 पर्यंत कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं जवळजवळ मोफत होती. आज राज्यातल्या रहिवाशाला डी अँझात एका युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) 31 डॉलर पडतात. इथे क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे वर्षाचे छोटे भाग करून शिकवतात, आणि दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला 90 युनिट लागतात, म्हणजे सगळं मिळून 2790 डॉलर. त्यावर किरकोळ फी आणि पुस्तकं. यूसीत रहिवाशाचं एकाच वर्षाचं शुल्क 14 हजार डॉलरच्या पुढे जातं, राहण्याखाण्याचं वेगळं. मुलगी घरीच राहणार असेल तर फरक किती पडतो, ते भावाला कागदावर मांडू द्या.

पण व्हिसाचं आधी बघा. एच-फोर व्हिसावर (इथे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्यांना एक वर्षाहून जास्त वास्तव्य दाखवून रहिवासी दर मिळू शकतो. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तो मिळत नाही आणि बाहेरच्यांचा दर कितीतरी पट असतो. मूल 21 वर्षांचं झालं की एच-फोर संपतो. पुतणीचा एकविसावा वाढदिवस कोणत्या वर्षात पडतो आणि तोवर ग्रीन कार्ड येणार आहे का, यावर तिचं सगळं गणित अवलंबून आहे. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात कागदपत्रं घेऊन जाऊन हे लेखी विचारावं. ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबू नये.

पुढे प्रवेश मिळतो का? मिळतो, पण आपोआप नाही. यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसांशी हमीचा करार करता येतो: ठरलेले विषय, ठरलेले गुण, की जागा पक्की. मात्र काही कॅम्पसांवर कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विषयांना ही हमी नसते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो यात नाहीत. तिथे स्पर्धा करूनच जावं लागतं, आणि दरवर्षी डी अँझाची मुलं जातात. कुठला विषय कुठे धरला जातो, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेलं असतं.

अवघड काय आहे तेही सांगते. क्वार्टर जेमतेम बारा आठवड्यांचं. सुस्थिरावेपर्यंत पहिली परीक्षा येते. कॅम्पसवर वसतिगृह नाही, तास संपला की मुलं घरी किंवा कामावर पळतात, त्यामुळे मैत्री मुद्दाम करावी लागते. मागे लागणारं कुणी नसतं. चुकीचा विषय घेतला तर एक क्वार्टर वाया जातं आणि दोन वर्षांची तीन होतात.

म्हणून पुतणीने पहिल्याच क्वार्टरमध्ये काउन्सेलरला भेटून दोन वर्षांचा लेखी आराखडा करून घ्यावा. गणिताची मालिका लगेच सुरू करावी, कारण तिथे एकापुढे एक विषय बांधलेले असतात. हमीच्या कराराचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरातच भरावा लागतो, आणि तो एकाच कॅम्पससाठी भरता येतो. तिला कोणता विषय घ्यायचाय ते कळवलंत तर कोणत्या क्रमाने विषय घ्यावेत ते मी सांगू शकेन.