पाच घड्याळं आहेत, सहावं कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे काळ्या डायलचं ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) डायव्हर (पाण्याखाली वापरायचं घड्याळ) आहे, निळ्या डायलचं तसंच दुसरं आहे, सेलवर चालणारं फील्ड वॉच (साधं, सैनिकी धाटणीचं) आहे, एक जी-शॉक आणि एक क्वार्ट्झ क्रोनोग्राफ (सेलवर चालणारं, स्टॉपवॉच असलेलं) आहे. मनगट साडेसोळा सेंटिमीटर. आणि सहाव्यासाठी तीन नावं मनात घोळताहेत: यांत्रिक क्रोनोग्राफ, ब्राँझच्या केसचं (बाहेरच्या कवचाचं) डायव्हर, किंवा बहीण परदेशात असते म्हणून जीएमटी (दुसऱ्या ठिकाणचीही वेळ दाखवणारं).

माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत, निदान आत्ता तरी. तुमचं सहावं घड्याळ चावीचं असावं, पातळ असावं, आणि त्यात तारीख नसावी. आता हे इतक्या खात्रीने का म्हणते, ते सांगते.

मी गेली आठ वर्षं घड्याळं जमवते आहे. आतापर्यंत अकरा घेतली, त्यातली चार विकली. मध्यंतरी नवं घ्यायची फार ओढ लागली होती, तेव्हा स्वतःला एक अट घातली: तीन महिने रोज नोंद ठेवायची, मग ठरवायचं. कोणतं घातलं एवढंच लिहून भागत नाही, हे दोन-तीन दिवसांतच कळलं. म्हणून दुसरा रकाना आखला. कोणतं घड्याळ हातात घेतलं आणि परत ठेवलं, आणि का.

त्या दुसऱ्या रकान्याने माझे डोळे उघडले. ज्या क्रोनोग्राफसाठी मी वर्षभर वाचन केलं होतं, ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे घातले होते, ते ब्याण्णव दिवसांत तीनदा मनगटावर आलं. परत ठेवण्याची कारणं अगदी साधी होती. "बाहीत अडकतं." "बंद पडलंय, तारीख लावत बसायला वेळ नाही." "टाइप करताना मनगटाला टोचतं." डायल आवडेनासं झालं म्हणून एकही घड्याळ परत ठेवलं नव्हतं. आणि आपण घेताना तर डायलच बघतो! अठ्ठावन्न दिवस मनगटावर होतं ते ३५ मिलिमीटरचं जुनं चावीचं घड्याळ, जे मी फारसा विचार न करता घेतलं होतं.

तुमच्या पाच घड्याळांकडे याच नजरेने बघा. रंग वेगळे, कामं वेगळी, पण मनगटावरचा अनुभव जवळजवळ एकच. ऑटोमॅटिक डायव्हर साधारण १३ मिलिमीटर जाड असतं, जी-शॉक त्याहून जाड, आणि क्वार्ट्झ क्रोनोग्राफही काही बारीक नसतं. फील्ड वॉच तेवढं सुटसुटीत. म्हणजे शर्टाच्या बाहीखाली सरकन जाईल असं तुमच्याकडे फार तर एक आहे. संग्रहात पोकळी शोधताना लोक प्रकारांची यादी घेऊन बसतात: डायव्हर झालं, पायलट राहिलं, ड्रेस राहिलं. मला ती पद्धत पटत नाही. यादी पूर्ण होते आणि पेटीतली निम्मी घड्याळं बंद पडून राहतात.

आता जाडीचं गणित. व्हालझू ७७५० ही ऑटोमॅटिक क्रोनोग्राफची सगळ्यात जास्त वापरली गेलेली मूव्हमेंट (आतलं यंत्र), नुसती तीच ७.९ मिलिमीटर जाड आहे. ईटीए २८२४ ही साधी ऑटोमॅटिक ४.६ मिलिमीटर. आणि पेझू ७००१ ही चावीची मूव्हमेंट फक्त २.५. रोटर (हालचालीने फिरून चावी भरणारं वजन) नाही, तारखेची चकती नाही, म्हणून ती इतकी पातळ होते. त्यावर केस आणि काच चढवली तरी पूर्ण घड्याळ सात-आठ मिलिमीटरमध्ये बसतं. तुमच्या डायव्हरच्या जवळजवळ निम्मं. हा फरक फोटोत दिसत नाही, मनगटावर पहिल्या मिनिटाला कळतो.

तारीख नको म्हणते त्याचंही कारण आहे. घड्याळं आलटून पालटून घालणाऱ्याची यांत्रिक घड्याळं सतत बंद पडत असतात. पुष्कळशा ऑटोमॅटिक मूव्हमेंट पूर्ण चावी असताना चाळीस तासांच्या आसपास चालतात. दोन दिवस नाही घातलं की थांबलं. मग वेळ लावा, तारीख लावा, आणि तारीख लावताना काटे रात्री ९ ते पहाटे ३ च्या मधे नाहीत ना ते आधी बघा. अनेक मूव्हमेंटमध्ये त्या वेळेत तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात आणि जबरदस्तीने पुढे सरकवलं तर दुखावतात. सकाळी घाईत हे कोण करणार? तारीख नसलेल्या चावीच्या घड्याळाला तीस-चाळीस वळसे, काटे जुळवले, झालं. अर्धं मिनिट. आणि ते अर्धं मिनिट मला फार प्रिय आहे. स्प्रिंग ताणली जाते तसा बोटांना जाणवणारा विरोध वाढत जातो, आणि पूर्ण भरली की क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी) पुढे जात नाही. तिथे थांबायचं, जोर करायचा नाही.

कुणी म्हणेल, मग पातळ क्वार्ट्झ का नको? जरूर घ्या, चावी देणं नकोसं वाटत असेल तर तेच योग्य. पण तुमच्याकडे सेलवर चालणारी तीन घड्याळं आधीच आहेत आणि दोन ऑटोमॅटिक आहेत. रोज स्वतःच्या हाताने चालू करायचं घड्याळ एकही नाही. यंत्राशी इतका जवळचा संबंध दुसऱ्या कुठल्याच प्रकारात येत नाही, आणि तुम्ही प्रश्न ज्या असोशीने लिहिलाय त्यावरून तुम्हाला ते आवडेल असं मला वाटतं.

तुमच्या तीन पर्यायांपैकी ब्राँझचं लवकर संपवते. तांबं आणि कथिल यांचा तो मिश्रधातू, हवेने आणि घामाने काळवंडतो, आणि प्रत्येकाचा रंग निराळा उतरतो. सुंदर दिसतं. कातडीला हिरवट डाग पडू नये म्हणून मागचं झाकण बहुतेक वेळा स्टीलचं किंवा टायटॅनियमचं देतात. पण ते तुमचं तिसरं डायव्हर होईल. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या क्षमतेच्या १२५ टक्के दाबाला तपासावं लागतं. असं एक तुमच्याकडे असेल तर पाण्याची गरज भागली. दुसरं निळं घेतलंत ते रंगासाठी, हे समजू शकते. तिसरं धातूसाठी घ्याल, आणि मग तिघांपैकी एकच वापराल.

यांत्रिक क्रोनोग्राफबद्दल मला सविस्तर बोलायचंय, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. त्याची ओढ खरी आहे. १९६९ साली ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ पहिल्यांदा बाजारात आणण्यासाठी तीन गट एकमेकांशी झुंजत होते: झेनिथची एल प्रिमेरो, होयर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन यांच्या गटाची कॅलिबर ११, आणि सेकोची ६१३९. त्याच वर्षी जुलैमध्ये चंद्रावर जे ओमेगा स्पीडमास्टर गेलं ते मात्र चावीचं होतं. नासाने १९६५ मध्ये ते पात्र ठरवलं तेव्हा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ अस्तित्वातच नव्हतं. आणि वर्ष संपता संपता, २५ डिसेंबरला, सेकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. एका वर्षात इतकं काही घडलं की त्या काळातलं एखादं घड्याळ आपल्याकडे असावं असं वाटणारच.

पण रोजच्या जगण्यात काय होतं? क्रोनोग्राफमध्ये साध्या घड्याळापेक्षा कितीतरी जास्त तरफा आणि स्प्रिंगा असतात, आणि सर्व्हिसिंगचा खर्चही त्याच प्रमाणात चढतो. माझं क्रोनोग्राफ पेटीत पडून राहिलं, तेल सुकलं, आणि एके दिवशी शून्यावर आणायचं बटण दाबलं तर काटा शून्याच्या दोन सेकंद अलीकडे थांबला. ज्यांच्याकडे दिलं त्यांनी तीन महिने ठेवून घेतलं आणि परत आलं ते तसंच. दुसऱ्या एका जाणत्या माणसाने नीट केलं, पण तोवर माझा जीव मेटाकुटीला आला होता. सेकंद मोजायला तुमचं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आहे, आणि ते जास्त अचूक आहे.

सर्व्हिसिंगचा हिशेब तसाही करून ठेवा. यांत्रिक घड्याळाला साधारण पाच ते सात वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावं लागतं. पुढे कधी सहा यांत्रिक घड्याळं झाली की जवळजवळ दर वर्षी एक सर्व्हिसिंग आलंच. त्यात एक क्रोनोग्राफ असेल तर ते वर्ष जड जातं.

तेव्हा आता चावीचं घड्याळ कसं निवडायचं? व्यास ३४ ते ३७ मिलिमीटरच्या दरम्यान बघा. लहान वाटेल असं वाटतं, पण १९५० च्या दशकात पुरुषांच्या घड्याळांचं हेच माप होतं. व्यासापेक्षा महत्त्वाचं आहे ते लगच्या (केसला पट्टा जोडणाऱ्या शिंगांच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. मनगटाची वरची सपाट जागा पट्टीने मोजा. घेर साडेसोळा असेल तर ती बहुधा पन्नास मिलिमीटरच्या आसपास भरते. लगची टोकं तिच्या आत राहिली पाहिजेत. ३५ मिलिमीटरचं नोमोस टँजेंट याचं चांगलं उदाहरण आहे. लांब, सरळ लगमुळे ते आकड्यापेक्षा मोठं दिसतं, आणि जाडी सात मिलिमीटरच्याही आत आहे. चौकोनी आकार आवडत असेल तर कार्टिए टँकच्या घराण्यातलं काहीतरी बघा. ते डिझाइन १९१७ चं आहे आणि अजून जुनं वाटत नाही. फक्त चौकोनी घड्याळाची रुंदी वाचून फसू नका, कोपऱ्यांमुळे ते मनगटावर बरीच जास्त जागा घेतं.

जुनं घेणार असाल तर डायल भिंगाखाली बघा. अक्षरांच्या कडा जाडसर किंवा वाकड्या असतील, मिनिटांच्या खुणा आकड्यांशी जुळत नसतील, तर डायल पुन्हा रंगवलेलं आहे. लगच्या कडा गोल झाल्या असतील तर केस वारंवार पॉलिश झाली आहे. आणि "चालू आहे" याचा अर्थ "सर्व्हिस केलेलं आहे" असा होत नाही. शेवटचं तेल कधी घातलं हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो खर्च किमतीत धरूनच बोला. अशा घड्याळाला पाण्यापासून लांबच ठेवायचं. हात धुताना काढून ठेवलेलं बरं.

राहिलं जीएमटी. तिघांत मला हेच सगळ्यात खरं वाटलं, कारण त्यामागे बहीण आहे. यात दोन जाती आहेत. एकीत २४ तासांचा काटा स्वतंत्र सरकतो, तिला कॉलर म्हणतात. सेकोची एनएच३४ या जातीची. दुसरीत स्थानिक तासकाटा तासातासाने उड्या मारतो, ती फ्लायर, मियोटा ९०७५ सारखी. घरी बसून दुसऱ्या देशातली वेळ बघायची असेल तर कॉलर पुरते. फ्लायरचा उपयोग विमानातून उतरणाऱ्याला. एक अडचण मात्र दोन्हींत आहे: मिनिटकाटा एकच असतो. दोन ठिकाणांच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक असेल तर तेवढी बेरीज मनातच करावी लागते.

म्हणून घाई करू नका. चावीचं घड्याळ आलं की तुमचं फील्ड वॉच मोकळं होईल. ते बहिणीच्या वेळेवर लावा आणि टेबलावर, जिथे बसता तिथे, उभं करून ठेवा. सेलवर चालतं, थांबणार नाही, आणि अर्ध्या तासाचा फरकही बरोबर दाखवेल. सहा महिन्यांनंतरही "आता ती उठली असेल" म्हणत रोज त्याच्याकडे बघत असाल, तर सातव्यासाठी कॉलर जीएमटी शोधायला लागा. जाडी बारा मिलिमीटरच्या आत असलेलं.